स्पॅनिशची शिष्यवृत्ती आणि घरचं देणं

धायरी फाट्यावरून गावात शिरलं की तीन काळ एकमेकांना खेटून उभे दिसतात. धारेश्वराच्या देवळाच्या आधाराने वाढलेलं जुनं गाव, नऱ्ह्याच्या बाजूला पसरलेल्या छोट्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि टेकडीच्या कडेने चढत गेलेल्या सोसायट्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्या अकरा गावांना पुणे महापालिकेत घेतलं, त्यांत धायरीही होती. या सोसायट्यांतली आणि चाळींतलीही मुलं आता परदेशी भाषा शिकतात. जर्मन आणि जपानी पुण्याला जुन्या. स्पॅनिश तुलनेने नवी, पण फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, सिंबायोसिस आणि गल्लोगल्लीचे खासगी वर्ग यांमुळे तीही आता हाताशी आली आहे. जी मुलं पहिल्या दोन पायऱ्या चढतात, त्यांच्यातली काही जण पुढे विचारतात: स्पेनला किंवा मेक्सिकोला जाऊन ही भाषा नीट शिकायची, तर शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते. पण 'स्पॅनिश शिकण्यासाठी' असं नाव लावून ठेवलेला पैसा फार थोडा आहे. बहुतेक पैसा दुसऱ्या नावांनी ठेवलेला असतो आणि देणारा जवळजवळ दर वेळी एकच प्रश्न विचारतो: परत आल्यावर हे शिक्षण कुणाच्या उपयोगी पडणार? अर्जातल्या या रकान्यात 'देशसेवा', 'सांस्कृतिक देवाणघेवाण' असे शब्द भरून मुलं मोकळी होतात. माझ्या मते शिष्यवृत्तीची सगळी तयारी याच रकान्यापासून सुरू व्हायला हवी, कारण त्याचं खरं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याला कुठे जायचं, काय शिकायचं आणि पैसे कुणाकडे मागायचे हे आपोआप कळत जातं.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जून १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाने बडोदा संस्थानाशी एक करार केला. महाराजा सयाजीराव गायकवाड त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड देणार आणि परतल्यावर आंबेडकरांनी दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. पण ज्याला अमेरिकेत राहायला खोली मिळाली, त्याला बडोद्यात अस्पृश्य म्हणून कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतूनही लोकांनी त्यांना बाहेर काढलं. थोड्याच महिन्यांत ती नोकरी सुटली. कराराची दहा वर्षं पुरी झाली नाहीत, तरी त्या शिक्षणाचं देणं त्यांनी फेडलं: १९२० साली 'मूकनायक', १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय. करारात एका दरबाराचं नाव होतं, फेड मात्र साऱ्या समाजाची झाली. आजच्या शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचताना ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी. 'मायदेशी परतावं' एवढी अट कागदावर पुरते. परतून कुणाच्या दारात जायचं, हे विद्यार्थ्यालाच ठरवावं लागतं.

स्पॅनिशच्या बाबतीतला आपला सर्वांत मोठा माणूस मात्र शिष्यवृत्ती न घेताच त्या भाषेत पोचला. पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ साली वर्ध्याला जन्मले. क्रांतीच्या ध्यासाने अमेरिकेत गेले, तिथे शेतीचं शिक्षण घेतलं, गदर चळवळीच्या घडणीत भाग घेतला. पहिल्या महायुद्धानंतर इराण, रशिया, जर्मनी असं भटकत १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोला पोचले. तेव्हा ते चाळिशीला आले होते. त्या वयात त्यांनी स्पॅनिश आत्मसात केली आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्याच भाषेत शिकवलं. मक्याच्या नव्या वाणांवर संशोधन केलं आणि ज्यांना शाळा माहीत नव्हती अशा शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभ्या केल्या. या कामात तीना मोदोत्ती ही छायाचित्रकार त्यांच्या सोबत होती. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांचं जे चित्र रंगवलं, त्यात खानखोज्यांचा चेहरा आहे. इंग्रज सरकारने त्यांना मायदेशी येऊ दिलं नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा विदर्भातल्याही किती घरांत हे नाव माहीत होतं, याची मला शंका आहे.

खानखोज्यांनी मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत शेती शिकवली. उलट दिशेचं काम, म्हणजे त्या भाषेत साठलेलं ज्ञान इथल्या माणसापर्यंत आणणं, अजून फारसं सुरूच झालेलं नाही. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे आणि सुमारे पन्नास कोटी लोकांची मातृभाषा. या देशांतले बरेचसे आपल्यासारखेच आहेत: पावसाच्या भरवशावरची शेती, वाढत्या शहरांच्या कडेला वाढत्या वस्त्या, कागदावर नसलेल्या नोकऱ्या. त्यांचे प्रश्न जर्मनी किंवा जपानपेक्षा आपल्या अधिक जवळचे आहेत आणि त्यांची उत्तरंही. पण ती उत्तरं इंग्रजीत फार थोडी येतात, मराठीत तर नाहीतच.

याचं सर्वांत ठळक उदाहरण धायरीत रोज सकाळी दारावर येतं. पुण्याच्या अनेक भागांत घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या संस्थेच्या मालक त्या कचरावेचक ताईच आहेत. साडेतीन हजारांहून अधिक सभासद असलेली ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने काम करते. तिच्यामागे १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमने या दोघी उकिरड्यावर काम करणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या, त्यातून ही संघटना घडली. कचरा वेचणं हे काम आहे आणि त्यातून शहराचे पैसे वाचतात, हे पुण्याने लवकर मान्य केलं. तरीही दर काही वर्षांनी करार संपतो, मुदतवाढ मिळते, ठेकेदारी कंपन्यांची नावं पुढे येतात आणि हजारो घरांच्या चुलीवर अनिश्चितता येऊन बसते.

हाच प्रश्न कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, कोर्टात गेला. तिथल्या कचरावेचकांच्या संघटनेने महापालिकेच्या निविदेला आव्हान दिलं. मोठ्या कंपन्यांनाच भरता येईल अशी निविदा काढून पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या गरिबांना बाहेर ठेवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. २००३ साली कोलंबियाच्या संविधान न्यायालयाने ते मान्य केलं. २०११ साली त्याच न्यायालयाने शहराची नवी निविदा अडवून कचरावेचकांना सामावून घेणारी योजना आखायला सांगितलं. त्यातून २०१३ पासून बोगोतात त्यांना वजनावर पैसे मिळू लागले. भंगारवाल्याकडून मिळणारी किंमत वेगळी, आणि शहराची सेवा केली म्हणून सार्वजनिक पैशातून मिळणारा मोबदला वेगळा. या लढ्यातल्या नोहरा पादिया यांना त्याच वर्षी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. लहानपणापासून त्या स्वतः कचरा वेचत आल्या होत्या.

पुण्याच्या कार्यकर्त्यांना ही कथा माहीत आहे. मार्च २००८ मध्ये कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद बोगोतात भरली, तिच्यात पुण्याच्या पंचायतीचा सहभाग होता. २०१२ साली जगभरच्या संघटनांची बैठक पुण्यात झाली. मे २०२४ मध्ये कचरावेचकांच्या आंतरराष्ट्रीय आघाडीचं अधिवेशन ब्युनोस आयर्सला झालं. पण कथा माहीत असणं आणि निकालपत्र वाचता येणं यांत फार अंतर आहे. न्यायालयाने समतेचा युक्तिवाद कसा मांडला, शहराने वजनाची नोंद कशी बसवली, वजनकाट्यांवर गैरप्रकार होऊ नयेत म्हणून काय केलं, वय झालेल्या बायकांचं काय ठरलं, हे सगळं शेकडो पानांच्या स्पॅनिश कागदांत आहे. ते वाचून मराठीत सांगणारं एक माणूस पुण्यात असेल, तर करार पुन्हा टेबलावर येईल तेव्हा ताईंच्या बाजूच्या हाती एक भक्कम दाखला असेल. त्या परिषदांत आपल्या ताई बोलतात तेव्हा मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये असा दोनदा अनुवाद करावा लागतो. मधली पायरी काढून टाकणारा दुभाषी घडवणं, ही एका शिष्यवृत्तीची पुरेशी फलश्रुती आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण द्राक्षांचं. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायतदारांचा माल जानेवारी ते एप्रिल युरोपच्या बाजारात उतरतो. तिथे त्यांची गाठ पेरू आणि चिलीच्या मालाशी पडते. पेरू आज टेबल द्राक्षांच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे, आणि ती बहुतांश द्राक्षं प्रशांत महासागराच्या काठच्या वाळवंटात पिकतात. पेटंट असलेले नवे बिनबियांचे वाण, ठिबक, मजुरांच्या पाळ्या, शीतगृहांची साखळी यांवर तिथल्या संस्थांनी आणि कृषी मासिकांनी भरपूर लिहिलं आहे. त्याबरोबरच ईका खोऱ्यात निर्यातीच्या शेतीने जमिनीखालचं पाणी कसं खोल नेलं, गावच्या विहिरी कशा आटल्या, तेही लिहिलं गेलं आहे. जिथे उन्हाळ्यात बागेला टँकर लावावा लागतो, त्या तासगाव-कवठेमहांकाळच्या माणसाला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच कामाचा आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्यातच आहे. स्पॅनिश येणारा कृषी पदवीधर तिथल्या शास्त्रज्ञांना आणि द्राक्ष बागायतदार संघाला किती उपयोगी पडेल, याचा विचार करावा.

सहकाराचंही तसंच. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी साखर कारखाना उभा केला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५६ मध्ये, स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोन्द्रागोन गावी आरिस्मेन्दिअर्रियेता या धर्मगुरूच्या विद्यार्थ्यांनी कामगारांच्या मालकीचा पहिला कारखाना काढला. आज तिथे हजारो कामगार-मालक आहेत आणि वरच्या-खालच्या पगारातलं अंतर साधारण सहापटीत राखलेलं आहे. २०१३ साली त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना बुडाला, तेव्हा बऱ्याच कामगारांना भगिनी संस्थांनी सामावून घेतलं. आपले कारखाने आजारी पडले आणि खासगी हातांत गेले, तेव्हा सभासदांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. हा तुलनेचा अभ्यास कुणीतरी करायलाच हवा. नऱ्हे-धायरीतल्या शेडमध्ये जॉबवर्क करणाऱ्यांसाठीही स्पॅनिशचा सरळ उपयोग आहे: चाकणला गेस्टाम्प, सीआयई अशा स्पॅनिश वाहनउद्योग कंपन्या आहेत.

आता पैशांचं.

युरोपीय संघाची एरास्मुस मुंडुस ही संयुक्त पदव्युत्तर शिष्यवृत्ती सर्वांत उदार. फी माफ, वर दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. किमान दोन देशांतल्या विद्यापीठांत शिकावं लागतं. भारतीय विद्यार्थी या यादीत गेली कित्येक वर्षं वरच्या स्थानी आहेत. यातले बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतून असले, तरी स्पेनमधलं विद्यापीठ निवडलं की भाषा रोजच्या जगण्यात येते. ग्रानादा विद्यापीठाचा स्त्री-अभ्यासाचा 'जेम्मा' हा अभ्यासक्रम या योजनेतलाच. कचरावेचक बायकांच्या कामावर अभ्यास करायचा असेल, तर मी सर्वांत आधी तिकडे पाहीन.

स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाची शाळांमध्ये भाषा-सहायक नेमण्याची योजना हा दुसरा मार्ग. परदेशी तरुणांनी स्पेनच्या सरकारी शाळांत आठवड्याचे काही तास इंग्रजी संभाषण शिकवायचं आणि त्याबद्दल मासिक भत्ता घ्यायचा. ज्या देशांना जागा मिळतात, त्यांत भारताचंही नाव आलेलं आहे. उरलेला वेळ भाषेला देता येतो, आणि लहान गावातली शाळा मिळाली तर माद्रिदपेक्षा जास्त शिकायला मिळतं. मेक्सिको सरकार परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर करतं. तिथलं उनाम हे राष्ट्रीय विद्यापीठ १९२१ पासून परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवत आलं आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेला जे. एन. टाटा एन्डॉवमेंट हा निधी कर्जरूपाने मदत करतो. ते पैसे परत करावे लागतात, हे घरात आधीच बोलून घ्यावं.

राज्य सरकारच्या योजनांना आपल्या दोन मोठ्या दात्यांची नावं आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, तिच्या दरवर्षी ७५ जागा, आणि ती समाजकल्याण आयुक्तालयातर्फे, म्हणजे पुण्यातूनच चालते. सारथी संस्थेच्या योजनेला सयाजीरावांचं नाव दिलं आहे. या योजना पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षणाला किंवा पीएचडीला पैसे देतात, नुसत्या भाषावर्गाला देत नाहीत. शिवाय विद्यापीठाच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीची अट असते, अलीकडे पहिल्या दोनशेंची. इथे एक अडचण आहे: १२१८ साली स्थापन झालेलं आणि स्पॅनिश शिकवण्यासाठी जगभर मान असलेलं सालामान्का विद्यापीठ या दोनशेंत बसत नाही. पण ब्युनोस आयर्सचं विद्यापीठ, मेक्सिकोचं उनाम आणि चिलीचं कॅथलिक विद्यापीठ २०२५ च्या क्यूएस यादीत पहिल्या शंभरात होती. म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीवर स्पॅनिशमधून शिकायचं, तर लॅटिन अमेरिकेची वाट जास्त मोकळी आहे. आपल्या मुलांच्या मनात मात्र अजून फक्त स्पेन असतो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ साली भारताची संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे अभ्यासविषय वगळले गेले. आपल्याच समाजाचा अभ्यास करायला आपल्याच वंचित मुलांना पैसा नाही, हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो. तो बदलेपर्यंत बोगोताचे कचरावेचक किंवा ईकाचं पाणी असा तिकडचा विषय घेऊन जाता येईल. तिथे शिकलेलं इथे वापरायला कुठलीच अट आड येत नाही.

जाण्याआधी भाषा किती यावी? शून्यावरून जाऊ नये, एवढं नक्की. स्पॅनिशच्या डेले या परीक्षेच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या तीन, म्हणजे बी-१ पर्यंत, पुण्यात राहून गाठता येतात. दिल्लीच्या इन्स्तितूतो सेर्व्हान्तेसचे ऑनलाइन वर्गही आहेत. स्पॅनिशमधून पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर बहुतेक विद्यापीठं बी-२ मागतात. ज्याला अजून क्रियापदांची रूपं जुळवावी लागतात, त्याचे परदेशातले पहिले सहा महिने बाजारहाट आणि घरभाडं समजण्यातच जातात. तो महागडा वेळ इथे वाचवावा. कागदपत्रांतही वेळ जातो: पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल, शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर, आणि स्पेनला जायचं असेल तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीतला व्हिसा.

राहिला तो अर्जातला मघाचा रकाना: परत आल्यावर हे शिक्षण कुणाच्या उपयोगी पडणार? 'मी परतल्यावर समाजासाठी काम करेन' या वाक्याने निवड समितीला काही कळत नाही. 'कोलंबियाच्या संविधान न्यायालयाच्या २००३ आणि २०११ च्या आदेशांचा मी मराठीत सटीप अनुवाद करेन आणि पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेबरोबर त्यावर बैठका घेईन' या वाक्याने सगळं कळतं. त्याला संघटनेचं पत्र जोडलेलं असावं. द्राक्षांचा विषय असेल तर बागायतदार संघाचं, सहकाराचा असेल तर एखाद्या कारखान्याच्या सभासदांचं. असं पत्र मागायला गेलं की पहिल्यांदा कुणी लगेच देत नाही, आणि ते बरोबरच आहे. चार-सहा महिने त्यांच्यात जाऊन बसावं लागतं, वजनकाट्याजवळ उभं राहून हिशोब समजून घ्यावा लागतो, त्यांना नक्की काय जाणून घ्यायचं आहे ते विचारावं लागतं. मोबदला वजनावर मिळतो की घरांच्या संख्येवर, सुट्टीच्या दिवशी काय होतं, शहर पैसे थकवतं का, असे प्रश्न त्याच विचारतील आणि तेच तुमच्या अभ्यासाचे प्रश्न होतील. एरास्मुसच्या बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात. तेव्हा पत्रासाठीचं हे जाणं-येणं त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू झालेलं असावं.